कंटाळ्याचं काय करायचं, मामा?

सिडकोत संध्याकाळी चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला विचारा, कुठे चाललास? उत्तर ठरलेलं असतं : "कुठं नाही, असंच." या 'असंच'मध्ये कॅनॉटची एक चक्कर येते, टीव्ही सेंटरची एक येते, मित्राच्या स्कूटीवर मागे बसून जालना रोडची एक येते, आणि मग क्लासची वेळ होते. छत्रपती संभाजीनगरचा हा भाग सत्तरच्या दशकापासून आखून-रेखून वसवला गेला. एन-१, एन-२ अशी आकड्यांची नावं, सरळ गल्ल्या, एकाला एक लागून रो-हाउस, दारात कडुनिंब नाही तर गुलमोहर. जगभरातून माणसं या शहरात वेरूळ-अजिंठा बघायला येतात, आणि इथल्या नववीतल्या पोराला इथे बघण्यासारखं काही सापडत नाही. गल्लीला खरी जाग येते ती नळाला पाणी सुटतं त्या दिवशी, आणि तो दिवस काही रोज येत नाही.

अशाच एका गल्लीत माझे मामा राहतात. सत्तरीला टेकलेत. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्स फिटर म्हणून नोकरी केली, आता ज्येष्ठ नागरिक संघात असतात. मी आर्किटेक्चर शिकवते. त्यांच्या दारापुढचा रस्ता सिमेंटचा झाला आणि तिथे चार-पाच पोरं स्केटबोर्ड घेऊन यायला लागली, तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. निरनिराळ्या संध्याकाळी झालेलं बोलणं इथे एकत्र केलंय. मामांची वाक्यं मी मऊ केलेली नाहीत.

मामा : तू काही म्हण, ही लेकरं खेळत नाहीत, उच्छाद मांडू लागलेत. टक-टक, टक-टक. जरा डोळा लागला की टक. तीच उडी, तेच पडणं. एकाला तरी जमली का आजवर?

मी : जमत नाही म्हणून तर करतात. त्या उडीला ऑली म्हणतात. बोर्डाची शेपटी पायाने जमिनीवर आपटायची आणि त्याच क्षणी पुढचा पाय घासत वर न्यायचा, की बोर्ड हात न लावता पायांबरोबर हवेत उठतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅलन गेलफंड नावाच्या फ्लोरिडातल्या एका पोराने ती शोधली. पुढे रॉडनी मुलेनने ती सपाट जमिनीवर करून दाखवली. तुम्हाला ऐकू येतं ते शेपटी आपटल्याचं.

मामा : फ्लोरिडातल्या पोराचं नाव तुला पाठ आहे. या पाच जणांच्या बापांची नावं सांग.

मी : दोघांची सांगता येतील.

मामा : मला पाचही माहीत आहेत. एकाचा बोर्ड मी परवा उलटा करून बघितला. सहाशेआठ नंबरचं बेअरिंग आहे. आत आठ मिलिमीटर, बाहेर बावीस. एका चाकात दोन, म्हणजे आठ बेअरिंगं. एकात माती जाऊन ते घरघर करत होतं. रॉकेलमध्ये धुऊन दिलं.

मी : म्हणजे आवाजाची तक्रारही तुमची आणि सर्व्हिसिंगही तुमचंच.

मामा : खराब बेअरिंग बघवत नाही मला. बाकी काही नाही.

इथे मी त्यांना आठवण करून दिली. आम्ही लहान असताना याच गल्लीत मामांनी आम्हाला बेअरिंगची गाडी करून दिली होती. खोक्याच्या फळ्या, भंगारवाल्याकडून आणलेली तीन बेअरिंगं, मागे दोन आणि पुढे एक, वळवायला दोरी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कामगारवस्तीत वाढलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला ती माहीत असते. डांबरावरून ती निघाली की चार गल्ल्यांना पत्ता लागायचा. कॅलिफोर्नियातही सुरुवात अशीच झाली होती. १९५० च्या दशकात तिथली पोरं फळीखाली रोलर स्केटची चाकं ठोकायची. पुढे सत्तरच्या दशकात फ्रँक नॅसवर्दीने फळीला युरेथेनची, म्हणजे रस्ता धरून ठेवणारी मऊ चाकं लावली आणि खेळाचं रूपच पालटलं. आपली गाडी मात्र बेअरिंगवरच राहिली, तिला कुणी चाक चढवलं नाही. मग केबल टीव्ही आला, रस्त्यावर वाहनं वाढली आणि गाडी माळ्यावर गेली.

मामा : तेव्हाची गोष्ट वेगळी होती. रस्त्यावर दिवसभरात चार लुना जायच्या.

मी : तेच म्हणते मी. रस्ता पोरांचाही होता, आता राहिला नाही. बदल्यात त्यांना काय दिलं आपण?

मामा : काय नाही दिलं? वेगळी खोली दिली, मोबाईल दिला, क्लास दिला. मला यांचा एकच प्रश्न सुटत नाही. यांना कंटाळा कसला येतो?

मी : तुम्हाला त्या वयात आला नाही कधी?

मामा : बहात्तरला मी चौदा-पंधराचा होतो. भोकरदनकडे आमची विहीर पार कोरडी पडली. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो मी आणि तुझी आजी. मिलोची भाकर, सुकडी. कंटाळा यायला पोट भरलेलं लागतं, बाई.

या वाक्यापुढे पुष्कळ जण गप्प होतात, मीही झाले असते. पण मला दुसऱ्या एका दुष्काळाची गोष्ट माहीत होती, ती सांगितली. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. पाणी वाचवायचं म्हणून घरोघरचे पोहण्याचे तलाव रिकामे राहिले. गोलाकार उतारांचे, गुळगुळीत गिलाव्याचे ते तलाव. सांता मोनिका-व्हेनिस भागातली गरीब घरांतली पोरं कुंपणावरून उड्या मारून आत शिरली आणि तलावाच्या भिंतींवर बोर्ड चढवायला लागली. आज जगभर स्केट पार्कात जे वाटीसारखे खड्डे मुद्दाम बांधतात, ते त्या कोरड्या तलावांची नक्कल आहेत.

मामांनी ऐकून घेतलं.

मामा : आमच्या दुष्काळात विहीर आटली आणि पोरं खडी फोडायला गेली. त्यांच्या दुष्काळात हौद आटला आणि पोरं खेळायला गेली. बरोबर?

मी : बरोबर.

मामा : मग मला ती गोष्ट सांगू नकोस.

त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही, आणि खोडून काढावं असं वाटतही नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. मामांनी खडी फोडली, शहरात आले, हप्ते भरले, ते आपल्या पोरांना खडी फोडावी लागू नये म्हणूनच. पोट भरल्यावर कंटाळा येणार असेल, तर तो त्यांच्या कष्टाचंच फळ आहे. ते फळ हातात आल्यावर नाक मुरडून कसं चालेल?

मी : सिडकोत का आलात तुम्ही?

मामा : शांततेसाठी. शहरात एका खोलीत सहा माणसं होतो आम्ही. अठ्ठ्याऐंशीची दंगल बघितली, संचारबंदी बघितली. इथं घर मिळालं तेव्हा तुझी मामी रात्री उठून दाराला कडी आहे का ते बघायची. मग हळूहळू बघायची सोडली. इथं काही घडत नाही, हेच आम्हाला पाहिजे होतं.

मी : आणि त्यांना काहीतरी घडायला पाहिजे आहे. त्याच गल्लीत.

मामा : घडू दे ना. दहावीला नव्वद टक्के घडू दे.

मामांच्या या विनोदात आमच्या सगळ्या वसाहतीचा आराखडा आहे. सिडको ही कंपनी १९७० साली स्थापन झाली. नवी मुंबई तिनेच वसवली आणि तेव्हाच्या औरंगाबादेतली ही नवी वसाहतही. चिकलठाण्याचे कारखाने, मग १९८५ ला वाळूजला सुरू झालेला बजाज ऑटोचा कारखाना, यांच्या भोवती शहर फुगत गेलं. कामगाराला, कारकुनाला, मास्तराला परवडेल असं घर हवं होतं आणि ते मिळालं. मी विद्यार्थ्यांना हे नकाशे दाखवते तेव्हा त्यांचं कौतुकच करते : शाळेला जागा आहे, दवाखान्याला आहे, बाजाराला आहे, बागेला आहे. २००६ साली वसाहत महापालिकेकडे गेली, तरी हा सांगाडा टिकून आहे. पण नकाशावर वय टाकून बघा. बागेत घसरगुंडी आणि झोका, म्हणजे दहा वर्षांपर्यंतची पोरं. जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, बाकडी, म्हणजे चाळिशीपुढची माणसं. झोक्यावर बारा वर्षांवरच्यांनी बसू नये अशी पाटी. मैदान असेल तर त्यावर सकाळी कोचिंग, दुपारी ऊन, संध्याकाळी मोठ्या मुलांचं क्रिकेट, आणि मोसमात लग्नाचा मांडव. तेरा ते अठरा या वयाने कुठे बसायचं, हे कुठल्याच रकान्यात नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या ले-आउटला दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. जागा सुटतेही. पुढे तिथे सभागृह होतं, देऊळ होतं, पाण्याची टाकी होते. मोकळी राहिलीच तर पार्किंग.

मामा : हे तू मुलांबद्दल बोलू लागलीस. पोरींचं काय?

हा प्रश्न मामांनी मला अडवायला टाकला होता, पण वादातला सगळ्यात मोलाचा मुद्दा त्यानेच निघाला. मुलगा निदान टपरीवर उभा राहतो, गाडीला टेकून तासभर काढतो, कट्ट्यावर बसतो. चौदा वर्षांच्या मुलीला 'असंच' बाहेर पडता येत नाही. तिला कारण लागतं : क्लास, झेरॉक्स, मैत्रिणीकडे वही. कारण संपलं की घर. मॉलमध्ये बसायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं. तिचा कंटाळा खोलीच्या आत राहतो, म्हणून तो कुणाला ऐकू येत नाही. टक-टक ऐकू येते म्हणून निदान वाद तरी होतो.

मी : मामा, तुमच्या गल्लीतल्या त्या पाच जणांत एक मुलगी आहे.

मामा : माहीत आहे. सगळ्यात कमी पडते ती. आई गॅलरीतून बघत असते म्हणून येते.

मी : आई गॅलरीतून बघू शकते, हाच त्या जागेचा गुण.

मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं गाव आहे. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये तिथे सिमेंटचा एक स्केट पार्क बांधला. नियम दोनच : शाळेत गेल्याशिवाय बोर्ड नाही, आणि मुलीने बोर्ड मागितला तर तिचा नंबर आधी. गावात आदिवासी आणि यादव अशा दोन वस्त्या, एरवी एकमेकींत न मिसळणाऱ्या. बोर्डावर मात्र पोरं एकत्र आली. तिथली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळायला गेली. स्केटबोर्ड म्हणजे श्रीमंतांचं खूळ, ही आपली समजूत त्या गावाने मोडीत काढली आहे.

मी त्याच ओघात उदयपूरजवळच्या खेमपूरचं सांगितलं. 'स्केटर गर्ल' या २०२१ मध्ये आलेल्या चित्रपटासाठी त्या गावात स्केट पार्क बांधला आणि चित्रीकरण संपल्यावर तो मुलांसाठी ठेवला. दिग्दर्शिका मंजरी माकिजानी, लेखनात बहीण विनती. दोघी मॅक मोहन यांच्या मुली.

मामा : कोण? 'शोले'तला सांबा?

मी : तोच.

मामा : सांबाच्या पोरींनी स्केटबोर्डवर सिनेमा काढला? हे आधी सांगायचं ना!

(त्या संध्याकाळी वाद तिथेच संपला. नंतर अर्धा तास 'शोले' चालला.)

पुढच्या वेळी मामा तयारीने बसले होते.

मामा : हाडं मोडतात. शेजारच्या नातवाचा हात प्लॅस्टरमध्ये आहे. जबाबदारी कुणाची?

मी : हेल्मेट आणि गुडघ्याला पॅड हवेतच. त्यावर माझा वाद नाही. पण त्याच नातवाला आठवीपासून स्कूटी कोण देतं? क्लासला सोडायला वेळ नाही म्हणून? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड आहे. जालना रोडवर ट्रकच्या शेजारून स्कूटी नेणारा पोरगा घराला चालतो. दारात फळीवरून पडणारा चालत नाही. का? स्कूटी कामाची आहे आणि फळी बिनकामाची.

मामा : आहेच बिनकामाची. क्रीडा गुण तरी मिळतात का त्याचे दहावीला?

हा खास आपल्याकडचा प्रश्न. खेळाला दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून घरोघरी पहाटे उठून पोरांना चार चाकांच्या स्केट्स घालून रिंकवर नेतात. मामांना पटावं म्हणून मला पदकांची यादी वाचता आली असती. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्ड पहिल्यांदा आला, तेव्हा महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य दोन्ही तेरा वर्षांच्या मुलींना मिळालं, जपानची मोमिजी निशिया आणि ब्राझीलची रायसा लिआल. कांस्य सोळा वर्षांच्या फुना नाकायामाला. आपल्या पुण्याची श्रद्धा गायकवाड २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डमध्ये सुवर्ण जिंकली. मामा या नावावर थांबले.

मामा : मग झालं तर. कोच आणा, बॅच लावा, सकाळी सहा ते आठ. शिस्तीत शिकतील, स्पर्धेला जातील. मी पहिली वर्गणी देतो.

मी : नको.

मामा : आता नको? खेळ पाहिजे म्हणतेस, कोच नको?

मी : ज्याला स्पर्धा हवी त्याला कोच मिळो. पण या पाच जणांना दिवसभर कुणीतरी शिकवतच असतं. शाळा, क्लास, क्लासनंतरची टेस्ट सिरीज. एवढी एकच गोष्ट आहे जी ते एकमेकांचं बघून शिकतात, जिच्यात नापास करणारं कोणी नाही. त्यावर बॅच लावली की तोही क्लास होईल. सहा महिन्यांत फी येईल, वर्षात सर्टिफिकेट येईल, आणि जिला ऑली जमत नाही ती मुलगी पहिली सोडून जाईल.

मामा : बिनशिस्तीचं किती दिवस टिकतं?

मी : ऑलीला किती दिवस लागतात बघितलंत ना? त्याहून शिस्त कोणती?

मामांना हे पटलं नाही, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. ज्या माणसाला गुरूच्या हाताखाली फाइल मारून-मारून काम आलं, त्याला आपलं आपण शिकण्यावर विश्वास बसणं अवघड. आयटीआयच्या पहिल्या वर्षात त्यांनी लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा महिनोन्‌महिने सपाट केला होता. तेही बिनकामाचंच होतं, असं मी म्हटलं तर म्हणाले, "मास्तर उभा होता समोर." खरं आहे.

मामा : मग बंदी नाही, बॅच नाही, रस्त्यावर नाही. तुझं म्हणणं तरी काय?

बंदीचा अनुभव जगाने घेऊन झालाय. नॉर्वेने १९७८ मध्ये स्केटबोर्डच बेकायदा ठरवला, आणि अकरा वर्षांनी, १९८९ मध्ये, बंदी उठवली. मधल्या काळात पोरांनी जंगलात लपवून उतार बांधले. फिलाडेल्फिया शहराने लव्ह पार्क या प्रसिद्ध चौकात स्केटबोर्डला मनाई केली, तेव्हा त्या जागेची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन २००२ मध्ये स्वतः तिथे गेले आणि बोर्डावर उभे राहिले. वय ब्याण्णव, डोक्यावर हेल्मेट, दोन्ही बाजूंनी धरायला माणसं. माझ्या पेशात मला फार थोड्या माणसांचा हेवा वाटतो, त्यांतले ते एक.

मी : माझं म्हणणं एवढंच. एक सपाट जागा. साधारण साठ फूट बाय तीस. ट्रिमिक्स केलेलं सिमेंट, बंगल्याच्या पार्किंगला करतात तसं. कडेला दीड फूट उंचीचे दोन-तीन ओटे, कडांना लोखंडी अँगल. पाणी निघून जाईल इतका उतार. एक दिवा. फी नाही, फाटक नाही.

मामा : या शहरात? जलवाहिनीसाठी किती वर्षं रस्ते खोदलेले होते आठवतं का? सोळाशे ऐंशी कोटींची योजना सत्तावीसशे चाळीस कोटींवर गेली. आणि तुला पोरांना खेळायला गुळगुळीत फरशी पाहिजे.

मी : याच शहरातल्या लोकांनी २०१० मध्ये ठरवून एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. एक फरशी जड नाही आपल्याला.

मामा : ते घेणारे वेगळे. बरं, जागा मी सांगतो. जालना रोडच्या उड्डाणपुलाखाली. वर छप्पर, पाऊस नाही, आवाज रहदारीत मिसळून जाईल. आम्ही पण झोपू, ते पण खेळतील.

ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मुंबईत माटुंग्याला तुळपुळे पुलाखाली २०१६ पासून बाग आहे. नवी मुंबईत सानपाड्याला पुलाखाली बास्केटबॉल आणि क्रिकेटची सोय केली, ती लोकांना आवडली. आणि नवी मुंबई ही सिडकोचीच थोरली वसाहत. अमेरिकेत पोर्टलंडच्या बर्नसाइड पुलाखाली १९९० मध्ये पोरांनी कुणाला न विचारता स्वतःच सिमेंट कालवून उतार बांधायला घेतले. नगरपालिकेने नंतर ते मान्य केले, आणि तो जगातल्या नामांकित स्केट पार्कांपैकी एक आहे. तरी मी नको म्हटलं. गर्दीचा जालना रोड ओलांडून अंधाऱ्या पुलाखाली मुलगे जातील. ती एक मुलगी जाणार नाही, तिची आई जाऊ देणार नाही, आणि आईचं चुकणारही नाही.

मामा : म्हणजे तुला ते माझ्या दाराजवळच पाहिजे.

मी : हो. दारात नाही, पण दिसेल इतकं जवळ. तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्याशेजारी जी खुली जागा पडून आहे, तिथे.

मामा : तिथं रात्री बाटल्या फुटतात. फाटक नसेल तर तुझ्या गुळगुळीत फरशीवर सकाळी काचा असतील. मग पोरं पडतील ती काचांवर.

मी : म्हणूनच कट्ट्याशेजारी. माणसं बसलेली असतील तिथे बाटल्या फुटत नाहीत.

मामा : म्हणजे राखण आम्ही करायची?

मी : तुम्ही बसलेलेच असता ना तिथे?

मामा : (बऱ्याच वेळाने) नऊनंतर बंद. एकही लेकरू दिसता कामा नये.

मी : उन्हाळ्यात दहा.

मामा : नऊ. आणि हेल्मेटशिवाय नाही. आणि जिच्या पायात बळ कमी आहे तिला मोठ्यांनी ढकलायचं नाही, बाजूला जागा द्यायची. ते जनवारचं काय ते... मुलीचा नंबर आधी, ते लिही.

आमचं एकमत झालं असं समजू नका. मामांच्या मते ही सोय पोरांना ताब्यात ठेवण्यासाठी आहे, माझ्या मते त्यांना थोडं सोडण्यासाठी. नऊ की दहा यावर आम्ही अजून अडलेलो आहोत. कोचचा विषय ते दर आठवड्याला काढतात. पण अर्ज त्यांनीच लिहायला घेतला आहे, सुवाच्य अक्षरात, फरशीची जाडी आणि लोखंडी अँगलचं माप घालून, आणि माप माझ्यापेक्षा त्यांचं बरोबर आहे.

तुम्ही सिडको-हडकोत, गारखेड्याला, सातारा परिसरात, बजाजनगरात, किंवा राज्यातल्या अशाच एखाद्या शांत वसाहतीत राहत असाल, तर तुमच्या भागातल्या ले-आउटची खुली जागा कुठे आहे आणि आज तिचं काय झालंय, हे एकदा नकाशा मागून बघा. मोकळी असेल तर प्रभाग कार्यालयाला अर्ज द्या. अर्जात 'स्केट पार्क' लिहू नका. पार्क म्हटलं की कंत्राटदार, कुंपण आणि तिकीटखिडकी मागोमाग येते. साधी सपाट सिमेंटची जागा मागा, तिच्यावर सायकल शिकणारी, दोरीच्या उड्या मारणारीही येतील. आणि सह्यांच्या रकान्यापुढे वयाचा रकाना आखा. चौदा, पंधरा, सोळा अशी वयं त्या कागदावर दिसली पाहिजेत. खुल्या जागेसाठी केलेल्या अर्जांवर ती सहसा नसतात.